संशयी स्वभाव की संशयविकार?

मराठवाड्यातल्या वारंगा फाट्यासारख्या, खिचडीसाठी गाड्या थांबणाऱ्या गजबजलेल्या ठिकाणचा एखादा दुकानदार कल्पून पाहा. हिशेबाला चोख, बोलायला गोड. पण बायकोला यायला जरा उशीर झाला की तिचा मोबाइल तपासतो, कुणाचा फोन होता म्हणून रात्र रात्र उलटतपासणी घेतो. लोक म्हणतात, ‘स्वभावच संशयी.’ संशयविकार, म्हणजे डिल्यूजनल डिसऑर्डर, नजरेतून सुटतो तो असाच. कपडे फाडणारा, एकटाच बडबडणारा तेवढा वेडा, ही आपली समजूत. या आजारात भ्रमाचा विषय सोडला तर बाकी माणूस बहुधा शाबूत दिसतो. जोडीदार बदफैली आहे, कुणी जिवावर उठले आहे, अंगात किडे वळवळतात, असे त्याचे विषय असतात. आजार बहुतेकदा मध्यम वयात सुरू होतो. हजारात साधारण दोघांना तो आयुष्यात कधीतरी गाठतो.

यावर कुणी म्हणेल, बांधावरून खरेच भांडणे होतात, भाऊबंद खरेच जमीन लाटतात. मग संशय घेणारा प्रत्येक जण रोगी का? मुळीच नाही. संशय खरा की खोटा एवढ्यावर निदान होत नाही. पुराव्यापुढे माणूस काय करतो, ते पाहावे लागते. मोजणी झाली, नकाशा दाखवला, तरी ‘मोजणीवालाही त्यांना फितूर’ असेच महिनोन्‌महिने चालले आणि त्यापायी झोप, धंदा, नाती मोडू लागली, तर तो आजाराचा इशारा समजावा. दुसरा आक्षेप भानामतीचा. गावच करणी मानत असेल, तर नुसत्या त्या समजुतीला मानसशास्त्र भ्रम म्हणत नाही. पण गावालाही न पटणारी गोष्ट एकटाच छातीठोक सांगू लागला, तर त्याला देवर्षीकडे नेण्यात वेळ दवडू नये.

उपचारांत अडचणी आहेतच. राज्यातली चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला. मराठवाड्यात त्यातले एकही नाही. शिवाय रुग्णाला आपण आजारी आहोत हेच मान्य नसते. म्हणून घरच्यांनी वाद घालू नये, होकारही भरू नये. ‘झोप लागत नाही, त्यासाठी दाखवून येऊ’ म्हणत जिल्हा रुग्णालय गाठावे. औषधांनी अनेकांना उतार पडतो. मारहाणीची भीती असेल तर आधी बायकोला सुरक्षित ठिकाणी हलवावे. टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक घरच्यांसाठीही आहे. तो आजच मोबाइलमध्ये जतन करून ठेवा.