तुमच्यात सिनेमा चालतो का?

गेल्या वर्षी दिवाळीची सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी आमच्या शाळेतल्या शिक्षकांच्या खोलीत फराळाचे डबे उघडले होते. कुणाची चकली खुसखुशीत आणि कुणाची दातांची परीक्षा घेणारी, यावर चर्चा रंगली होती. तेवढ्यात नव्याने बदलून आलेल्या एका बाईंनी आपला डबा माझ्यापुढे सरकवला आणि अगदी भाबडेपणाने विचारले, “गुरुजी, तुमच्यात सिनेमा चालतो का हो?”

तुमच्यात म्हणजे ख्रिस्ती लोकांत. बाईंच्या प्रश्नात खोच नव्हती. आमच्यात करंज्या करतात का, आमच्यात मंगळसूत्र घालतात का, असले प्रश्न मी वीस वर्षे ऐकत आलो आहे आणि त्यांची उत्तरे देताना माझी जीभ कधी अडखळली नाही. ह्या प्रश्नाशी मात्र ती अडखळली. कारण ह्या एका प्रश्नाला आमच्या घरातच तीन उत्तरे आहेत, आणि माझ्या मते तिन्ही चुकीची आहेत. त्या दिवशी “चालतो की!” एवढेच म्हणून मी लाडू उचलला. राहिलेले उत्तर आज देतो. सणासुदीला भांडण उकरून काढतो म्हणून वाचकांनी रागावू नये. भांडण बहुतांशी माझ्या घरच्याच माणसांशी आहे.

पहिले उत्तर आमच्या वडीलधाऱ्यांचे. सिनेमा हे पाप, त्याची वाट सरळ नरकात जाते, हे ते उत्तर. अहमदनगर जिल्ह्यातल्या (आता त्याला अहिल्यानगर म्हणतात) आमच्या खेड्यात जत्रेला तंबूतला सिनेमा येई. एकदा मी तंबूच्या कनातीखालून आत शिरलो. ही बातमी रविवारपर्यंत पाळकसाहेबांच्या कानी गेली आणि उपासना संपल्यावर सगळ्या मंडळीसमोर मला उभे करण्यात आले. डोळे हे शरीराचे दार, त्यातून चोर आत येतो, असे बरेच काही मला ऐकावे लागले. पण त्याच वर्षी नाताळाच्या सुमारास गावात एक गाडी आली. गाडीत प्रक्षेपणाचे यंत्र होते आणि ‘दयासागर’ हा चित्रपट होता. मुळात १९७८ साली तेलुगूत ‘करुणामयुडू’ नावाने निघालेल्या, ख्रिस्ताच्या जीवनावरच्या चित्रपटाचे ते हिंदी रूप. अशा गाड्या तेव्हा देशभर खेडोपाडी फिरत. देवळाच्या अंगणात पांढरे कापड ताणले गेले, आणि ते बांधायला शिडी धरून कोण उभे होते? आमचे पाळकसाहेबच!

त्या रात्री सगळे गाव पोती अंथरून बसले होते. प्रभूला खिळे ठोकण्याचा प्रसंग आला. आम्ही ख्रिस्ती मुले गोष्ट पाठ असल्यामुळे पुढे काय होणार ते एकमेकांच्या कानात सांगत होतो. तेव्हा माझ्या मागे बसलेली पाटलांच्या वाड्यातली म्हातारी आजी पदर डोळ्यांना लावून म्हणाली, “अगं बाई, कुणाचं लेकरू गं हे!”

आजीला बायबल ठाऊक नव्हते. पडद्यावरचा माणूस देवाचा पुत्र की आणखी कोण, हे तिला कुणी सांगितले नव्हते. तिला दिसले ते एक लेकरू आणि त्याच्या अंगावर चाललेले अत्याचार. हे वाक्य मी चाळीस वर्षे जवळ बाळगले आहे. ह्या लेखाचा सगळा भार त्याच्यावरच आहे.

वडीलधाऱ्यांना मी आणखी एक आठवण करून देऊ इच्छितो. १९१०-११ च्या सुमारास मुंबईत दादासाहेब फाळक्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा एक मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त चालत होता आणि फाळक्यांच्या मनःचक्षूंपुढे राम आणि कृष्ण उभे राहत होते. आपल्या देवांची चित्रे अशी कधी दिसतील, ह्या ध्यासातून ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कोरोनेशन चित्रपटगृहात लागला. म्हणजे ज्याला आपण सैतानाचे दुकान म्हणतो, त्या दुकानाची पहिली वीट ख्रिस्तचरित्र पाहिलेल्या एका हिंदू माणसाने रचली. आता बोला!

दुसरे उत्तर आमच्या तरुणांचे. सिनेमा चालतो, पण आम्हांला नीट दाखवा, असे ते म्हणतात. ह्यांची तक्रार खरी आहे, हे आधी कबूल करतो. हिंदी चित्रपटातला ख्रिस्ती माणूस आठवून पाहा. ‘बॉबी’ (१९७३) मधला जॅक ब्रगान्झा, हातात बाटली. ‘ज्यूली’ (१९७५) मधला इंजिन चालवणारा बाप, पुन्हा बाटली, आणि मुलगी लग्नाआधी आई झालेली. ‘अमर अकबर अँथनी’ (१९७७) मधला अँथनी तर दारूचा गुत्ताच चालवतो. आणि गंमत अशी की तोही जन्माचा ख्रिस्ती नाहीच. लहानपणी हरवलेले ते पोर चर्चच्या पायरीशी सापडते. खलनायकाचा हस्तक असेल तर त्याचे नाव रॉबर्ट किंवा मायकेल, आणि क्लबात नाचणारी असेल तर ती लिली किंवा मोनिका. ‘अनाडी’ (१९५९) मध्ये ललिता पवारांनी रंगवलेली प्रेमळ मिसेस डिसा, ‘अल्बर्ट पिंटो को गुस्सा क्यों आता है’ (१९८०) मधला संपावर गेलेल्या गिरणी कामगाराचा रागीट मुलगा, असे अपवाद आहेत. पण ते बोटांवर मोजून होतात.

ही तक्रार नुसत्या मानापमानाची नाही. मागच्या नाताळात सहावीतल्या एका मुलाने मला भर वर्गात विचारले, “गुरुजी, तुम्हीपण दारू पिऊन नाचता का?” कुणी सांगितले म्हणून विचारले तर म्हणाला, “सिनेमात दाखवतात ना.” पुण्यात माझी भाची नोकरीला लागली आणि खोली शोधू लागली. आडनाव अस्सल मराठी, नाव बायबलातले. नाव ऐकताच घरमालकाने विचारले, “रात्री-बेरात्री पार्ट्या चालणार नाहीत, समजलं ना?” माझी भाची! जिच्या घरात आजही संध्याकाळी रेव्हरंड टिळकांचे अभंग टाळाच्या ठेक्यावर म्हटले जातात आणि पिठले-भाकरी झाल्यावर प्रार्थना करून दिवा मालवला जातो! ‘स्मृतिचित्रे’ वाचून डोळे पुसणाऱ्या महाराष्ट्राला लक्ष्मीबाई टिळकांच्या माणसांची एवढी ओळख नसावी? २०२० साली उस्मानाबादच्या साहित्यसंमेलनाचे अध्यक्ष एक वसईकर धर्मगुरू होते, फादर फ्रान्सिस दिब्रिटो. पुस्तकांत मराठी ख्रिस्ती माणसाला अशी खुर्ची मिळते. पडद्यावर त्याला बाटलीच मिळते.

तरीही तरुणांचे उत्तर मला पुरत नाही. समजा, उद्या निर्मात्यांनी ऐकले. सगळे ख्रिस्ती सद्गुणी दाखवले, नर्स दाखवली ती देवी आणि मास्तर दाखवला तो संत. मग आम्ही तृप्त होऊन ढेकर द्यायचा काय? पडद्याकडून नुसती स्वतःची स्तुती मागणारा माणूस चित्रपट पाहत नाही, तो आरसा पाहतो. आणि आरशात पाहणाऱ्याला आपल्या पाठीमागे कोण उपाशी उभा आहे हे दिसत असले तरी त्याची नजर आपल्या भांगावरच असते.

तिसरे उत्तर सगळ्यांत मोठ्या आवाजाचे: बंदी घाला! २००६ साली ‘द दा विंची कोड’ आला तेव्हा हे उत्तर आपण ऐकले. मोर्चे निघाले, निवेदने गेली. सेन्सॉरने चित्रपट प्रौढांपुरता ठेवला, आणि गोव्यासह काही राज्यांनी तो दाखवूच दिला नाही. त्या वेळी मीही एका निवेदनावर सही केली होती. आज त्या सहीची मला लाज वाटते. ज्या प्रभूने स्वतःला धरायला आलेल्या शिपायांवर तलवार उपसणाऱ्या शिष्याला थांबवले, त्याच्या अब्रूच्या रक्षणाला आम्ही पोलीस मागायला गेलो. दोन हजार वर्षे टिकलेल्या श्रद्धेला एका रहस्यकथेची भीती वाटत असेल तर दुखणे त्या कथेत नाही, आमच्या श्रद्धेत आहे.

आणि माझा खरा प्रश्न पुढेच आहे. प्रभूच्या नावाला धक्का लागला की आम्ही रस्त्यावर उतरतो. पण प्रभूने ज्यांना आपले धाकटे भाऊ म्हटले, त्या भुकेल्या, उघड्या, तुरुंगात पडलेल्या माणसांची पडद्यावर टिंगल होते तेव्हा आम्ही काय करतो? पडद्यावरच्या मोलकरणीच्या बोलीला आम्ही हसतो. नायिकेचा पाठलाग करणाऱ्या टग्याला टाळ्या देतो. लोकांच्या गर्दीने माणसाला ठेचून मारले आणि मारणारा नायक असला, तर शिट्टीदेखील वाजवतो. ह्यांपैकी एकाही प्रसंगी मी कुठल्या मंडळीने निवेदन दिल्याचे ऐकले नाही.

मग ख्रिस्ती माणसाने चित्रपट पाहावा तरी कसा? मला ह्याचा धडा ‘बेन-हर’ (१९५९) ह्या गाजलेल्या चित्रपटाने दिला. अकरा ऑस्कर मिळवणाऱ्या ह्या भव्य चित्रपटात ख्रिस्त आहे, पण त्याचा चेहरा एकदाही दाखवलेला नाही. साखळदंडाने बांधलेला, तहानेने व्याकूळ झालेला एक कैदी जमिनीवर कोसळतो. कुणीतरी त्याला पाणी पाजतो. पाणी पाजणाऱ्याची पाठ आणि हात आपल्याला दिसतात. चेहरा दिसतो तो पाणी पिणाऱ्याचा. दिग्दर्शकाने जणू सांगितले, ख्रिस्ताला पाहायचे असेल तर त्याच्याकडे बघत बसू नका, तो ज्याच्याकडे बघतो आहे त्याच्याकडे बघा.

पाटलांच्या आजीने हेच तर केले होते! ‘कुणाचं लेकरू’ हा तिचा प्रश्न हीच माझी कसोटी. ज्या चित्रपटाने हा प्रश्न माझ्या तोंडी आणला, तो माझ्या लेखी धार्मिक चित्रपट, मग त्यात एकही क्रूस नसेना का. आणि ज्याने हा प्रश्न मारून टाकला, तो भर वेदीवर चित्रित झालेला असला तरी अधार्मिक.

ही कसोटी लावली की ती दुसऱ्यांनाच लागते असे नाही, हे मला नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ने (२०१३) शिकवले. डुकरे धरण्याचे काम माथी आलेल्या घरातला जब्या हा पोरगा. शाळेजवळ डुकरामागे धावावे लागते आणि सारा गाव मजा बघत उभा राहतो. धरलेले डुक्कर घेऊन ती माणसे शाळेच्या भिंतीवरून जातात, त्या भिंतीवर आंबेडकर आणि फुले यांची चित्रे आहेत. शेवटी जब्या दगड उचलतो आणि तो दगड सरळ पडद्यातून आपल्या अंगावर येतो.

शुभवर्तमानातही दगडांची एक गोष्ट आहे. एका बाईला मारायला जमलेले लोक प्रभूचे एक वाक्य ऐकून हातातले दगड टाकून निघून जातात. त्या गोष्टीवर मी रविवारच्या शाळेत कितीतरी वर्षे बोललो आहे, आणि प्रत्येक वेळी मी स्वतःला प्रभूच्या बाजूला उभा धरीत असे. ‘फँड्री’च्या काळोखात मला प्रथम कळले की मी दगडवाल्यांच्या घोळक्यात आहे.

माझ्या शेजारी आमच्या मंडळीतले एक वडीलधारे गृहस्थ बसले होते. बाहेर आल्यावर म्हणाले, “बरं झालं, आपल्यात असलं काही नाही.” मी गप्प बसलो. कारण त्याच महिन्यात त्यांच्याच घरी एका मुलीचे स्थळ आले होते, आणि पहिला प्रश्न निघाला होता: “मूळचे कोण?” आमचे आजे-पणजे गावकुसाबाहेरून चर्चमध्ये आले, ह्या आशेने की तिथे हा प्रश्न कुणी विचारणार नाही. सरकारदरबारी धर्मांतरित ख्रिस्ती माणूस अनुसूचित जातींत धरला जात नाही. आमच्या मंडळीत मात्र त्याची जात तीन-तीन पिढ्यांनंतरही शाबूत आहे. जब्या जर आमच्यात असता, तर एकाच पेल्यातून प्रभुभोजन घेऊनही त्याला आमच्यातली मुलगी मिळाली असती का? प्रश्न विचारून ठेवतो. उत्तर आमच्या लोकांनी आपापल्या घरी द्यावे.

तेव्हा, बाई, तुमच्या त्या प्रश्नाचे पुरे उत्तर असे: होय, आमच्यात सिनेमा चालतो. चालायलाच हवा. पण त्याला घाबरून, त्याच्याकडून स्तुती मागून किंवा त्याच्यावर पोलीस घालून तो पाहू नये, एवढेच माझे म्हणणे आहे. पाटलांची आजी पोत्यावर बसून ज्या डोळ्यांनी पाहत होती, त्या डोळ्यांनी तो पाहावा. ती आमच्यातली नव्हती. पण त्या अंगणातल्या आम्हा सगळ्यांपेक्षा ती प्रभूच्या जवळ बसली होती.

आणि हो, तुमचा लाडू उत्तम झाला होता. यंदाचा डबा आणाल तेव्हा मी चुलतीच्या हातच्या करंज्या आणीन. आमच्यात त्या नाताळात करतात. यंदा दिवाळीतच करायला सांगतो.