कानातले यंत्र आणि दारातला माणूस



संध्याकाळची वेळ आहे. तुम्ही पलंगावर पालथे पडून गाणी ऐकत आहात. दोन्ही कानांत इअरफोन आहेत. स्वयंपाकघरातून आई काहीतरी म्हणते. तुम्हांला ते कळत नाही. ती पुन्हा म्हणते. तेही धड कळत नाही. तिसऱ्या वेळी ती दाराशी येऊन ओरडते, आणि नेमका हा तिसरा आवाज तुम्हांला स्वच्छ ऐकू येतो. "एवढं ओरडायला काय झालं?" असे तुम्ही विचारता, तेही जरा मोठ्यानेच. झाले! पुढचा अर्धा तास घरात काय चालते ते मी सांगावयास नको.

या भांडणाकडे आपण नेहमी संस्काराचा प्रश्न म्हणून पाहतो. मोठी माणसे म्हणतात, मुलांना आदर उरला नाही. मुले म्हणतात, आमचे सुख यांना बघवत नाही. मी गेली पंचवीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवीत आहे, आणि माझे मत असे आहे की यातला निम्मा प्रश्न संस्काराचा नसून ध्वनीचा आहे. निम्माच का, ते पुढे येईल.

प्रथम आईच्या पहिल्या हाकेचे काय झाले ते पाहू. साधे बोलणे एक मीटर अंतरावरून सुमारे ६० डेसिबल तीव्रतेने ऐकू येते. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की ही पातळी ६ डेसिबलने उतरते. येथे तर मध्ये एक भिंत आहे आणि शेगडीवर कुकर आहे. कानाच्या भोकात घट्ट बसणारी रबरी बोंडे आणखी बराच आवाज बाहेरच अडवतात. एवढ्यातून जे काही आत पोचते, त्यावर गाणे बसलेले असते.

एक आवाज दुसऱ्या आवाजाला झाकून टाकतो हे तुम्हांला अनुभवाने ठाऊक आहेच. मात्र हे झाकणे दोन्ही बाजूंनी सारखे नसते. खालच्या वारंवारतेचा मोठा आवाज त्याच्याहून वरच्या वारंवारतेचे क्षीण आवाज सहज झाकतो. उलट मात्र तितक्या सहजपणे घडत नाही. गाण्यातले ढोल, ड्रम हे सारे खालच्या अंगाचे आवाज. आता आपल्या भाषेकडे पाहा. 'आ', 'ओ' यांसारख्या स्वरांत भरपूर ऊर्जा असते आणि तिचा मोठा भाग साधारण १००० हर्ट्झच्या आसपास किंवा त्याखाली असतो. 'स' आणि 'श' म्हणजे फटीतून घासत जाणारी नुसती हवा. त्यांची ऊर्जा थोडी, आणि तीही मुख्यतः तीनचार हजार हर्ट्झच्या वरची. 'त', 'क', 'प' ही व्यंजने तर क्षणभरात येऊन जातात. त्यामुळे होते असे, की बोलण्यातले स्वर तुमच्यापर्यंत पोचतात आणि व्यंजने वाटेत गळून पडतात. ताप, साप, काप, थाप, शाप हे पाचही शब्द कानात इअरफोन असताना जवळजवळ सारखेच ऐकू येतात. तेव्हा "ऐकू आलं, पण कळलं नाही" असे एखादा मुलगा म्हणाला, तर तो खोटेच बोलतो आहे असे समजू नये.

आता तुमच्या उत्तराकडे वळू. एत्येन लोंबार नावाच्या एका फ्रेंच कर्णतज्ज्ञाने १९११ साली एक मोठे मजेशीर निरीक्षण प्रसिद्ध केले. बोलत असलेल्या माणसाच्या कानांत गोंगाट सोडला, की तो आपोआप आवाज चढवतो. गोंगाट थांबवला, की आवाज पुन्हा खाली येतो. आपण ओरडत होतो याचा त्या बिचाऱ्याला पत्ताही नसतो. (बहिरेपणाचे सोंग घेणारे यावरून पकडता येत. जो खरोखर बहिरा आहे त्याचा आवाज गोंगाटाने चढेल कशाला?) कानांत गाणे वाजत असताना तुम्ही "काय?" म्हणता, तेव्हा हेच घडते. तुमच्या लेखी तो साधा प्रश्न असतो. दारात उभ्या असलेल्या माणसाला मात्र तुम्ही खेकसलात असे वाटते. त्याला कसे कळावे, की हा उर्मटपणा नसून लोंबार परिणाम आहे?

हे कोडे यंत्र बनवणाऱ्यांच्या ध्यानात आले नव्हते असे मात्र नाही. १ जुलै १९७९ रोजी जपानमध्ये सोनी कंपनीचा पहिला वॉकमन विक्रीस आला. किंमत ३३,००० येन, वजन सुमारे ४०० ग्रॅम, आत एक कॅसेट आणि पेन्सिल सेलची जोडी. त्यावर ध्वनिमुद्रण करता येत नसे, फक्त ऐकता येई. म्हणून पुष्कळांना ते यंत्र खुळेपणाचे वाटले होते. पण त्यात दोन गोष्टी अशा होत्या, की त्या आज वाचून आश्चर्य वाटते. एक म्हणजे हेडफोन जोडण्यासाठी एकाऐवजी दोन भोके. दुसरी म्हणजे एक नारिंगी बटण. ते दाबले की गाण्याचा आवाज मंद होई, यंत्रातला छोटा मायक्रोफोन सुरू होई आणि दोन्ही हेडफोनवाले कानांवरून काहीही न काढता एकमेकांशी बोलू शकत.

ही कल्पना सुचली कशी? सोनीचे एक संस्थापक अकिओ मोरिता यांनी १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मकथनात ते सांगितले आहे. नमुन्याचे यंत्र ते घरी घेऊन गेले आणि ऐकत बसले. त्यांच्या पत्नीला आपल्याला वगळल्यासारखे वाटले आणि ती नाराज झाली. मोरिता यांनाही एकट्यानेच ऐकत बसणे असभ्यपणाचे वाटले, आणि दुसऱ्या माणसासाठी सोय करण्याचे ठरले. म्हणजे घरातल्या रुसव्याने एका यंत्राच्या रचनेत भर घातली! पुढे असे दिसून आले, की लोकांना हे यंत्र एकट्यासाठीच हवे आहे. १९८१ साली पुढचे रूप बाजारात आले तेव्हा नारिंगी बटण गेले होते.

ते बटण गेल्याचे दुःख मला का आहे, त्याला एक घरगुती कारण आहे. मी इचलकरंजीचा. १९८७ साली, मी नववीत असताना, मस्कतला नोकरीस असलेल्या मामांनी असेच एक यंत्र मला आणून दिले. त्याला हेडफोनसाठी एकच भोक होते. माझे वडील (आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू) यंत्रमागावर कामाला होते. मागांच्या शेडमध्ये आवाजाची पातळी सहज ९५ डेसिबलच्या पुढे जाते. तेथे माणसे बोलत नाहीत. ओठ वाचतात आणि हातवारे करतात. अशा जागी अण्णांच्या बारा-बारा तासांच्या पाळ्या असत.

एका संध्याकाळी रातपाळीला निघताना अण्णा दारात थांबले आणि काहीतरी बोलले. माझी पाठ त्यांच्याकडे होती. मी न वळताच "काय?" म्हटले. तो शब्द किती मोठा निघाला असेल याचा अंदाज आता तुम्हीही करू शकाल. अण्णांनी डबा उचलला आणि ते निघून गेले. त्यानंतर माझी दहावीची परीक्षा होईपर्यंत आम्ही बापलेक एकमेकांशी जे काही बोललो, ते आईमार्फत बोललो.

बाराएक वर्षांनी अण्णांच्या कानांची तपासणी झाली. मी बरोबर होतो. तपासणीच्या आलेखात ४००० हर्ट्झच्या जवळ एक खोल खड्डा होता. वर्षानुवर्षे गोंगाटात काम केलेल्या माणसांच्या आलेखात तो हमखास याच जागी दिसतो. या भागातले ऐकणे गेले, की पहिल्यांदा व्यंजने जातात. म्हणजे त्या संध्याकाळी आमच्या दारात दोन बहिरे एकमेकांसमोर होते. एक अर्ध्या तासापुरता हौसेने झालेला, आणि दुसरा पोटासाठी कायमचा झालेला. माझा चढलेला आवाज तेवढा त्यांना ऐकू आला होता.

घरी आल्यावर मी आईला विचारले, त्या दिवशी अण्णा नेमके काय म्हणाले होते? तिच्या ते चांगले लक्षात होते. "कसली गाणी हाइत रं, मला बी ऐकीव जरा."

निम्मा प्रश्न ध्वनीचा म्हणालो, तो हा. उरलेला निम्मा असा, की मी वळून पाहिले नव्हते.

आमच्या शिक्षकांपैकी काही जण म्हणतात, ही यंत्रे मुलांच्या हातून काढूनच घ्यावीत. मला ते पटत नाही. दोन खोल्यांत पाच माणसे राहतात, टीव्ही चालू असतो, धाकटे भावंड रडत असते. अशा घरात चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाने वा मुलीने एकटे बसावे तरी कुठे? कानातली ती जागा हीच त्यांची खोली. आईवडिलांपासून थोडे बाजूला होऊन बसावेसे वाटणे हे त्या वयाचे लक्षण आहे, त्यात गुन्हा काही नाही. वर्तमानपत्राच्या आडून नुसते "हं" म्हणणारे वडील आपण सर्वांनी पाहिलेच आहेत. त्यांचे वर्तमानपत्र कोणी जप्त केल्याचे ऐकिवात नाही.

परंतु एक फरक आहे, आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. वर्तमानपत्र दिसते. वॉकमनचा हेडफोनही डोक्यावर दिसत असे, आणि त्याच्या पातळ स्पंजमधून बाहेरचे आवाज पुष्कळसे आत येत. आजचे बिनतारी इअरफोन केसांआड दडतात. गाणे चालू आहे की बंद, समोरच्याचे शब्द आत पोचत आहेत की नाहीत, हे बोलणाऱ्याला कळण्याचा काही मार्गच नाही. अलीकडच्या काही इअरफोनना बाहेरचा आवाज आत घेण्याची सोय असते. एका अर्थाने ते नारिंगी बटण परत आले म्हणावयाचे. पण त्याने तुमची सोय झाली, दारातल्या माणसाची नाही. त्याला तुमची पाठच दिसते. खोलीचे दार लोटलेले आहे की उघडे, हे बाहेरच्याला निदान दिसावयास हवे.

म्हणून बटणाचे काम हाताने करावे असे माझे म्हणणे आहे. कोणी बोलू लागले की एका कानातले बोंड काढून हातात धरावे, समोरच्याला दिसेल असे, आणि मान वळवावी. यास दोन सेकंद लागतात. एक कान मोकळा झाला की तुमचा आवाजही खाली येतो, ते आणखी वेगळे.

शिक्षक आणि पालक हे वाचत असतील, तर त्यांनाही दोन शब्द सांगावेसे वाटतात. दुसऱ्या खोलीतून बोलू नये. मुलाच्या नजरेच्या टप्प्यात यावे, आधी नुसते नाव घ्यावे, त्याने पाहिले की मग काय ते सांगावे. तेच वाक्य तीनदा चढत्या आवाजात म्हटल्याने पहिली दोन वाया जातात आणि तिसरे लागते. "काय?" मोठ्याने आला, तर लगेच अपमान मानू नये, कानांतले काढून पुन्हा म्हणावयास सांगावे आणि मगच स्वर तपासावा.

आवाजाच्या मर्यादेविषयी थोडक्यात सांगतो. ८० डेसिबल पातळीचा आवाज आठवड्यातून ४० तासांपर्यंत ऐकण्यास हरकत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. लहान मुलांसाठी ती हीच मर्यादा ७५ डेसिबलवर आणते. दहा डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची ऊर्जा दसपट होते. म्हणजे ९० डेसिबलला तेच ४० तास ४ तासांवर येतात, आणि तेही आठवड्याला! अंतर्कर्णात गोगलगायीच्या शंखासारख्या नळीत सुमारे पंधरा हजार सूक्ष्म केशपेशी असतात. ध्वनीचे विजेच्या संदेशात रूपांतर त्यांच्यामुळे होते. कोंबडीच्या कानात मेलेल्या केशपेशींच्या जागी नव्या येतात. माणसाच्या कानात येत नाहीत. अण्णांच्या आलेखातला तो खड्डा भरून येणारा नव्हता.

आता एक प्रयोग. मघाचे पाच शब्द घ्या आणि त्यांत बाप, माप, छाप, जाप हेही घाला. सर्व चिठ्ठ्यांवर लिहून चिठ्ठ्या मिसळा. तुम्ही कानांत यंत्र घालून, गाणे नेहमीच्या आवाजावर ठेवून, पाठ करून बसा. आईला किंवा वडिलांना तीन मीटरांवरून नेहमीच्या आवाजात एकेक चिठ्ठी वाचावयास सांगा. ऐकलेला शब्द दर वेळी कागदावर लिहा. नंतर हेच सर्व त्यांच्याकडे तोंड करून, ओठ दिसतील असे बसून करा. शेवटी गाणे बंद करून करा. तिन्ही वेळच्या चुका मोजा. कोणत्या व्यंजनाच्या जागी कोणते ऐकू आले, तेही टिपून ठेवा. शिक्षकांनी वर्गातल्या सर्वांची कोष्टके एकत्र केली, तर कोणती व्यंजने सर्वांत आधी हरवतात हे दिसेल. अशी कोष्टके संपादकांकडे जरूर पाठवावीत.

मग जागा बदला. यंत्र आईच्या किंवा वडिलांच्या कानांत द्या आणि शब्द तुम्ही वाचा. गाणे कोणते लावावयाचे, ते मात्र त्यांना विचारू नका, तुमचेच लावा.