खिडकीवरचा राग

सरकारी कामकाज संगणकावर गेले म्हणजे नागरिक आणि यंत्रणा यांच्यातील खटके संपतील, अशी अपेक्षा होती. ती फोल ठरली आहे. खटके संपले नाहीत. त्यांची जागा तेवढी बदलली. पूर्वी तलाठ्याच्या दप्तरापाशी होणारा वाद आता उमरखेड तालुक्यातील ढाणकीसारख्या बाजाराच्या गावी सेवा केंद्रातील संगणकासमोर होतो. तो अंगावर घ्यावा लागतो तेथे बसलेल्या तरुण परिचालकाला. नियम त्याने केलेला नसतो आणि यंत्रणाही त्याने उभारलेली नसते.

जून २०१७ मध्ये राज्य शासनाने ३४ हजार कोटी रुपयांची कर्जमाफी जाहीर करून ऑनलाइन अर्ज मागविले. ऑक्टोबरात प्रमाणपत्रे वाटली गेली आणि पाठोपाठ याद्यांतील घोळ उघड झाला. २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीत तोच अनुभव आला. संकेतस्थळ अडखळले, मोबाइलवर ओटीपी येईना, आणि पती व वडील दोघेही हयात नसलेल्या स्त्रियांनी कोणाचे आधार द्यावे याचे उत्तर सुरुवातीला नव्हते. १८ नोव्हेंबरची मुदत शेवटी ३१ डिसेंबरपर्यंत वाढवावी लागली. दोन्ही वेळी चूक मुंबईची होती. परंतु जाब विचारण्यास जवळची जागा गावातलीच.

अशा वेळी परिचालकांना सौजन्याचे धडे देण्याची सूचना हमखास पुढे येते. सौजन्य हवेच, पण दुखणे निराळे आहे. अर्थतज्ज्ञ अल्बर्ट हिर्शमन यांनी १९७० मध्ये असे मांडले की, असमाधानी ग्राहकापुढे दोन मार्ग असतात : दुकान सोडून जाणे किंवा आवाज उठविणे. किराणा माल वाईट निघाला तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाते. सातबाऱ्याला आणि आधारला शेजारचे दुकान नाही. पहिला मार्गच बंद असल्यावर माणूस दुसरा धरणार, आणि ऐकणारा कोणी दिसेना की आवाज चढणार. ज्याला आपण ‘त्रासदायक ग्राहक’ म्हणतो, तो बहुधा उत्तर न मिळालेला नागरिक असतो.

आधारवर आधारलेल्या अनुदानाची रक्कम नागरिकाच्या ज्या खात्याशी आधार शेवटचे जोडलेले असेल त्या खात्यात जाते. बाई हातातले पासबुक दाखवून पैसे कोठे गेले म्हणून विचारते. रक्कम दुसऱ्याच, विसरलेल्या खात्यात पडलेली असते. ही जोडणी बदलण्याचा अधिकार परिचालकाला नाही, तो बँकेला आहे. बँक म्हणते केंद्रात जा, केंद्र म्हणते तहसिलीत जा, तहसील म्हणते पोर्टल पाहा. कर्मचाऱ्याला कर्मचाऱ्याचा होणारा ताप येथूनच सुरू होतो. प्रत्येकजण आपल्या खिडकीवरची गर्दी दुसऱ्याच्या खिडकीवर ढकलतो आणि नागरिकाचे खेटे मात्र कोणाच्याच हिशेबात धरले जात नाहीत. त्याची बुडालेली मजुरी हाही या व्यवस्थेचा खर्चच आहे; तो सरकारी ताळेबंदात दिसत नाही इतकेच.

केंद्रचालक सारेच निर्दोष आहेत असे नाही. ठरल्याहून अधिक पैसे घेतल्याच्या तक्रारी पीकविम्याच्या हंगामात झाल्या आहेत, आणि ‘सर्व्हर डाऊन’ ही सबब कधी खरी तर कधी सोयीची असते. तथापि ग्रामपंचायतींतील ज्या संगणक परिचालकांना स्वतःच्या मानधनासाठी वारंवार आंदोलन करावे लागले, त्यांच्याकडून केवळ गोड बोलण्याची अपेक्षा ठेवणे हा शासनाने स्वतःची जबाबदारी स्वस्तात उरकण्याचा प्रकार होय.

उपाय अवघड नाहीत. प्रत्येक अडलेल्या कामाची छापील पोच द्यावी. काम का अडले, कोठे अडले आणि ते सोडविणारा अधिकारी कोण, हे तिच्यावर सोप्या मराठीत लिहावे. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने अधिसूचित सेवांसाठी मुदत, अपील आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास ५०० ते ५,००० रुपये दंड ठरविला आहे; पण हातात कागद नसेल तर अपील कशाच्या बळावर करायचे? परिचालकालाही वरच्या तांत्रिक कक्षाकडून ठराविक वेळेत उत्तर मिळण्याचा हक्क असावा.

राग आवरण्यास माणसाला शिकविता येते. परंतु ज्याच्याजवळ ना अधिकार ना माहिती, त्याला जनतेसमोर बसवून तिचा राग झेलावयास लावणे, याला प्रशासन म्हणता येणार नाही.