लिहिता हात मोकळा सोडा!

सरकारी रुग्णालयाच्या बालरोग विभागात पोर दाखल झालं की पहिल्या तासाभरातच त्याच्या हाताला सुई लागते. शीर जिथे सापडेल तिथे. मग सलाईनच्या खोक्याचा पुठ्ठा कापून, त्याला गॉज गुंडाळून तो हात ताठ बांधला जातो, पोराने सुई उपटू नये म्हणून. यात सिस्टरचा दोष नाही. एकेका सिस्टरच्या गळ्यात किती खाटा असतात हे या राज्यात कोणाला ठाऊक नाही? पण सुई टोचण्याआधी ‘बाळा, तू कोणत्या हाताने लिहितोस?’ एवढं विचारायला पैसा लागत नाही, निविदा लागत नाही, मंत्रिमंडळाची मंजुरी लागत नाही. तरी ते विचारलं जात नाही. कारण हे पोर इथे असताना हातांनी काही करणार आहे, हेच मुळी कोणी धरून चाललेलं नाही. त्याने निजायचं, टोचून घ्यायचं, गोळी गिळायची आणि राऊंडच्या वेळी रडायचं नाही!

थॅलेसेमियाचं मूल दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवून घ्यायला येतं आणि वर्षानुवर्षं येत राहतं. रक्ताच्या कर्करोगाचे उपचार दोन-अडीच वर्षं चालतात. गडचिरोली-नंदुरबारची सिकलसेलची पोरं, भाजलेली पोरं, मूत्रपिंडाच्या विकाराने सुजलेली पोरं, यांच्या बालपणाचा मोठा तुकडा वॉर्डातच जातो. त्यासाठी आम्ही काय केलं? भिंतीवर छोटा भीम रंगवून घेतला. भीम कंत्राटदाराचा, मिकी माऊस कंत्राटदाराचा, खाली ‘सौजन्य’ म्हणून देणगीदाराचं नाव. झाला वॉर्ड बालस्नेही! त्या भिंतीवर पोराने स्वतः एक रेघ ओढून पाहावी, मावशी फडकं घेऊन धावत येतील. पोरं बिलंदर असतात म्हणून बरं. ती हाताला बांधलेल्या त्याच पुठ्ठ्यावर बॉलपेनने डोळे-मिशा काढतात. केसपेपरच्या पाठीवर डॉक्टर काढतात, आणि त्याच्या हातातली सुई डॉक्टरहून मोठी काढतात. कुठे दुखतं आणि कशाची धास्ती वाटते, ते सगळं तिथे मांडलेलं असतं. पण वाचली जाते ती केसपेपरची पुढची बाजू.

या पोरांच्या हाती वॉर्डातच रंग-कागद द्या म्हटलं, की ठरलेला आक्षेप येईल. भंडाऱ्यात 9 जानेवारी 2021 च्या पहाटे नवजात कक्षाच्या आगीत 10 बालकं गेली. नांदेडमध्ये 2023 च्या ऑक्टोबरच्या तोंडावर एका दिवसात 24 रुग्ण दगावले, त्यांत 12 नवजात अर्भकं. जिथे जीव वाचत नाहीत तिथे रंगपेट्यांचे चोचले कसले? रात्रंदिवस वॉर्डात राबणाऱ्या परिचारिकेने हा सवाल केला असता तर आम्ही मान खाली घातली असती. तो करतात औषधांची देयकं आणि अग्निसुरक्षेच्या फायली दाबून बसणारे! ज्यांनी पोरांना श्वासही धड पुरवला नाही, त्यांनी रंगांच्या खर्चाची काळजी वाहू नये. शिवाय हे चोचले नव्हेत, हे सरकारने स्वतःच मान्य केलेलं आहे. तीव्र कुपोषित बालकाच्या उपचारांच्या जागतिक आरोग्य संघटनेने आखलेल्या दहा पायऱ्यांपैकी नववी पायरी खेळाची, मायेची, मुलाच्या जाणिवा जाग्या करण्याची आहे. आपली पोषण पुनर्वसन केंद्रं याच पायऱ्यांवर उभी आहेत. नुसत्या दुधाने पोर उभं राहत नाही, हे मेळघाट आणि पालघरच्या महाराष्ट्राला नव्याने का सांगावं लागावं?

रंगांनी रक्ताचा कर्करोग बरा होत नाही. तसं सांगत फिरणाऱ्या भोंदूला वॉर्डाबाहेर काढा. एकाचे खडू दुसऱ्याला देऊ नका, प्रत्येकाला स्वतःची पेटी द्या. केमोच्या पोराच्या हाती शाडू देऊ नका. एवढी पथ्यं पाळली की संसर्गाचा बाऊ करायचं कारण उरत नाही.

भारताने बालहक्कांचा आंतरराष्ट्रीय करार 1992 साली मान्य केला. त्याचं 31 वं कलम खेळण्याचा आणि कलेत भाग घेण्याचा हक्क देतं, आणि अठरा वर्षांखालचा प्रत्येक जण त्या करारात बालक आहे. आमच्या कित्येक रुग्णालयांत मात्र बारा वर्षं झाली की बालपण संपतं. पंधरा वर्षांची मुलगी थेट बायकांच्या वॉर्डात जाते. वाघ-सिंह रंगवण्याचं तिचं वय गेलेलं असतं. तिला वही हवी असते, गाणं रेकॉर्ड करायला कोपरा हवा असतो, आणि लिहिलेलं कोणालाही न दाखवण्याची मुभा हवी असते. ही मुभा फार महत्त्वाची. कारण आजारी मुलांच्या चित्रांची कॅलेंडरं छापून त्यावर निधी गोळा करण्याची टूम निघाली आहे, आणि चित्राखाली नाव, वय, कधीकधी आजारही छापला जातो. पोराला विचारलं होतं का? 1957 च्या कॉपीराइट कायद्याने चित्राचा पहिला मालक ते काढणाराच असतो, मग तो सहा वर्षांचा का असेना.

सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या नावाने मुंबईत 1845 साली रुग्णालय उघडलं आणि 1857 साली कलाशाळा. दोहोंमध्ये दोन-तीन किलोमीटरचं अंतर. पण एक वैद्यकीय शिक्षणाच्या खात्यात, तर कलेचं शिक्षण उच्च व तंत्रशिक्षणाच्या खात्यात! कला महाविद्यालयाच्या विद्यार्थ्याचं एक सत्र श्रेयांकासह बालरोग विभागात का असू नये? एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षांचा पेपर खाटेवर बसून का देता येऊ नये? स्वयंसेवी संस्था जीव ओतून काम करतात, पण देणगी आटली की त्यांच्या ताई यायच्या बंद होतात. रुग्णालयात समाजसेवा अधीक्षकाचं पद मंजूर असतं, तसंच कलाशिक्षकाचं हवं, पगारी आणि कायम. आमच्या शाळांतून कलाशिक्षक हद्दपार होत चालला आहे; ती बेकार गुणी माणसं इथे घ्या.

येत्या 14 नोव्हेंबरला, बालदिनी, मंत्रिमहोदय वॉर्डात रंगपेट्या वाटायला निघतीलच. सोबत या पदांचा शासन निर्णय असेल तर जरूर यावं. नसेल, तर कॅमेरे मंत्रालयातच ठेवावेत.