अहवाल वाचला कोणी?

दिवाळीच्या फराळाला जमलेल्या मंडळींत सह्याद्रीचा विषय निघाला, की चकलीपेक्षा जास्त आवाज होतो. गेल्या वर्षी आमच्याच ओसरीवर पुण्याचे मेहुणे आणि दोडामार्गचे व्याही हमरीतुमरीवर आले. मेहुणे म्हणाले, "तुम्हां लोकांना डोंगर बोडका करण्यापलीकडे काही सुचत नाही!" व्याही म्हणाले, "तुमचे ते गाडगीळ आम्हांला आमच्या काजूलाही हात लावू देणार नाहीत!" मी विचारले, "अहवाल वाचलात का?" दोघेही कपातल्या चहाकडे पाहू लागले.

न वाचता उत्तर लिहिणाऱ्याला भोपळा द्यायची आम्हां मास्तरांची खोड. मी मॅट्रिक झालेला माणूस, तरी इंग्रजी शब्दकोश उशाशी घेऊन तो वाचला. माधव गाडगीळ समितीने तो ऑगस्ट २०११ मध्ये दिला. सरकारने दडवून ठेवला. प्रकरण कोर्टापर्यंत गेले, तेव्हा कुठे २०१२ च्या मे महिन्यात तो लोकांपुढे आला. आणि आत काय? निर्बंध वरून लादू नका, ग्रामसभांपुढे ठेवा! सावंतवाडी-दोडामार्गकडच्या २५ गावांनी तर 'आमचा भाग राखा' असे ठराव आपणहून केले होते. म्हणजे व्याह्यांच्या शेजारची गावे! पण हाकाटी झाली ती शेतकऱ्याला हुसकणार, अशी. केरळात तर गाडगीळांची बाजू घेणाऱ्या इडुक्कीच्या खासदाराला २०१४ मध्ये पक्षाने तिकीटच नाकारले. मग पुढचा पुढारी तोंड कशाला उघडील?

शहरी मंडळींनी मात्र टाळ्या पिटू नयेत. गारव्याच्या यंत्राला वीज आपल्याला हवी, बंगल्याला जांभा आणि वाळू आपल्याला हवी, आणि त्याग तेवढा घाटातल्या माणसाने करायचा! त्याला अडाणी म्हटले, की तो अफवा पसरवणाऱ्याच्याच ओसरीवर जाऊन बसणार.

समुद्र तापतो आहे, पाऊस महिन्याचा एका दिवसात कोसळतो आहे. माळीण २०१४, तळीये २०२१, इरशाळवाडी २०२३. गाडल्या गेलेल्यांत कोण कुठल्या पक्षाचा होता, हे कोणी विचारले? वायनाडला ३० जुलै २०२४ रोजी शेकडो माणसे गेली आणि दुसऱ्याच दिवसाच्या तारखेने अधिसूचनेचा मसुदा निघाला. सहावा!

यंदाही दोघे यायचे आहेत. मी पाने काढून ठेवली आहेत. मराठीतून अर्थ मी सांगेन, भांडण त्यांनी करावे. पण आधी ऐकायचे, मग लाडू.