माशांची शिफ्ट

आमच्या फ्लॅटला सी-व्ह्यू नाही, म्हणून मी समुद्रच हॉलमध्ये आणून ठेवला. तीन फुटी टँक, खारं पाणी आणि नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांची क्लाऊनफिशची जोडी. सोसायटीतली पोरं त्यांना अर्थातच 'निमो' म्हणतात.

टँक घेताना दुकानदाराने विचारलं, "लाईट कोणता देऊ?" मी ऐटीत म्हटलं, "सगळ्यात भारी!" घरी यायला मला रात्रीचे नऊ होतात. आल्या आल्या मासे लखलखीत दिसायला नकोत? सकाळी निघताना लाईट लावायचा, झोपताना बंद. दिवसाचे चांगले पंधरा तास.

तिसऱ्या आठवड्यात दगडांवर शेवाळ चढलं. काच रोज घासायची, रोज पुन्हा हिरवी. मासे कायम दगडाआड. आजारी पडले की काय, या धास्तीने मी वीस वर्षं मासे पाळणाऱ्या मित्राला बोलावलं. त्याने टँककडे पाहिलं आणि एकच प्रश्न विचारला, "हा लाईट कुणासाठी घेतलास?"

मंडळी, सगळी गोम इथेच आहे. प्रखर लाईट लागतो तो प्रवाळांना. त्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहतं, ते प्रकाशावर अन्न तयार करतं आणि त्यावर प्रवाळ जगतात. पाण्यात लाल रंग वरच्या काही मीटरांतच शोषला जातो, निळा खोलवर पोचतो. म्हणून प्रवाळांचे लाईट निळसर असतात, आणि महागही. माझ्याकडे तर प्रवाळ नव्हतेच. आणि नसलेलेच बरे. आपल्याकडे खडक बांधणारे प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत. कुणी समुद्रातून काढलेला तुकडा 'गुपचूप देतो' म्हणालं, तर तिथूनच मागे फिरा.

नुसत्या माशांना दिवस-रात्र कळेल एवढा उजेड पुरतो. जास्तीचा उजेड शेवाळाच्या पथ्यावर पडतो. उरलेलं खाणं आणि विष्ठा हे त्याचं खत. तेव्हा खिशाला परवडणारा साधा एलईडी घ्या. फक्त पांढरा आणि निळा प्रकाश वेगवेगळा कमी-जास्त करता येतो ना, हे बघून घ्या. पूर्वीच्या मेटल हॅलाईड दिव्यांनी पाणी तापायचं, ती कटकट एलईडीत बरीच कमी.

आणि टायमर विसरू नका! माझा लाईट आता दुपारी तीनला लागतो, रात्री अकराला विझतो. आठ तासांची सेकंड शिफ्ट. मला रोज दोन तास मासे बघायला मिळतात, त्यांना हक्काचा अंधार.

शेवाळ महिन्याभरात आटोक्यात आलं. जोडी पुन्हा पुढे येऊन फिरू लागली. साडेदहाला नुसता निळा उजेड उरतो, तशी दोघं आपल्या कोपऱ्यात सरकतात. मी तेव्हा लॅपटॉप उघडून उद्याचं प्रेझेंटेशन करत असतो.

आमच्या घरात वेळेवर लॉगआऊट करणारे तेवढे दोघंच.