खाऱ्या पाण्याची पेटी आणि वाळूतील जीव

मुंबईत मरीन ड्राइव्हवर १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले, तेव्हा समुद्र त्याच्या दाराशीच होता. लातूर-नांदेडच्या घरात मात्र हा समुद्र पिशवीतल्या क्षारांपासून स्वतःच सिद्ध करावा लागतो. लातूरच्या एका परिचित व्यापारी घरी अशी साठ लिटरची पेटी आहे. तीत दोन क्लाउन मासे आणि दोन गोगलगायी. दिवाळीनंतर काचेवर हिरवे शेवाळ चढले, वाळूवर तपकिरी थर बसला. घरच्या मुलांनी बेत केला, की सर्व वाळू काढून नळाखाली धुवावी आणि शेवाळ खाण्यासाठी आणखी दहा गोगलगायी आणाव्यात. दोन्ही बेत मी आग्रहाने थांबवले.

आपल्या घरांत पाणी गाळल्यावर जिवाणी मूळ जलाशयात परत पोचविण्याची रीत जुनी आहे. पेटीतील वाळू त्याच दृष्टीने पाहावी. तिच्या कणाकणांवर सूक्ष्म जीवाणू असतात. माशांच्या मलमूत्रातून निर्माण होणाऱ्या विषारी अमोनियाचे ते प्रथम नायट्राइट आणि मग तुलनेने सौम्य अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. वाळूत बारीक कृमी व कवचधारी जीवही वावरतात. गोड्या पाण्याखाली वाळू धुतली, की हे सारे प्राणास मुकतात आणि पुढे अमोनिया वाढून मासेही दगावू शकतात. म्हणून दर आठवड्याला सहा लिटर पाणी बदलताना रबरी नळीने वाळूच्या चौथ्या भागावरील केवळ वरचा गाळ ओढून घ्यावा. उरलेला भाग पुढच्या आठवड्यांसाठी ठेवावा. थर इंच-दीड इंचाहून जाड नसावा. फार जाड थरात तळाशी प्राणवायू पोचत नाही, आणि असा जुना थर एकदम ढवळला तर विषारी वायू पाण्यात मिसळण्याचा धोका असतो.

आता शेवाळाकडे. नव्या पेटीतील तपकिरी थर बहुधा डायटमचा असतो व काही आठवड्यांत आपोआप ओसरतो. लालसर, बुळबुळीत पापुद्रा हे शेवाळ नव्हे, ते सायनोबॅक्टेरिया होत. हिरवे शेवाळ मात्र आपण स्वतःच पोसतो. या घरी आजी, सून आणि नातू अशा तिघांनी प्रेमाने दाणे टाकायचे! उरलेला दाणा वाळूत कुजतो आणि शेवाळाचे खत होतो. खिडकीचे ऊन व चौदा तासांचा दिवा यांनी उरलेले काम केले. दाणे देण्याचे काम एकाकडेच सोपवावे, दोन मिनिटांत संपेल इतकेच द्यावे. दिवा सहा ते आठ तास पुरे.

पाण्याची गोष्ट आपल्या भागात अधिक नाजूक आहे. विंधनविहिरीच्या जड पाण्यात नायट्रेट व सिलिकेट असू शकतात, आणि तेही शेवाळाला मानवतात. म्हणून आरओचे पाणी घ्यावे. उन्हाळ्यात पेटीतील पातळी रोज उतरते. उडते ते पाणी, क्षार मागेच राहतात. तेव्हा भर घालताना गोडेच पाणी घालावे आणि हायड्रोमीटरवर घनता १.०२५ च्या आसपास राखावी. आरओ यंत्र पुष्कळ पाणी टाकून देते. एप्रिल २०१६ मध्ये ज्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे ते मोरीत सोडू नये. फरशी पुसण्यास ते उत्तम. ज्यांना एवढा हिशेब जमणार नाही, त्यांनी पेटी न आणणेच बरे, असे माझे स्पष्ट मत आहे.

गोगलगायींचे म्हणाल, तर दहा गोगलगायी महिन्याभरात शेवाळ संपवतील आणि नंतर उपाशी मरतील. सफाईसाठी जीव विकत आणून त्यांना उपासमारीत लोटणे कोणत्या हिशेबात बसते? शेवाळनाशक औषधांत तांबे असेल, तर तेही गोगलगायींना घातक. विक्रेत्याने जिवंत प्रवाळ वा समुद्रघोडा देऊ केल्यास नाकारावा. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये ते संरक्षित आहेत.

लातूरच्या त्या पेटीची वाळू दीड महिन्यात स्वच्छ दिसू लागली. समोरची काच मुले चुंबकी घासणीने पुसतात. मागच्या काचेवरचे शेवाळ मात्र मुद्दाम राखले आहे. आधीच्या दोन गोगलगायींचे ते अन्न आहे.